खात्यावर पडलेले पैसे घरात कसे पोचवायचे

आमच्या गावातल्या किराणा दुकानात गल्ल्यामागं एक लांबट वही खिळ्याला टांगलेली असते. तिच्यात माझं पान सोळा वर्षं होतं. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्याच महिन्यात सासूबाईंनी तेल आणायला धाडलं आणि 'वहीत मांडून घे म्हणावं' असं सांगितलं, तेव्हापासून. २०२४ च्या दिवाळीआधी ते पान बंद झालं. बंद झालं म्हणजे मी पैसे मोजून दिले आणि दुकानदारानं पानावर आडवी रेघ मारली. त्याच्या पुढच्या आठवड्यात मी त्याच दुकानात उभी राहून विचारलं, 'तूरडाळ केवढ्याला?' दुकानदार जरा बघतच राहिला. उधारीवाल्यानं भाव विचारायचा नसतो, हे ज्यांनी उधारी केली त्यांना सांगायला नको.

मी कळंब तालुक्यातली, मांजरेच्या काठची. अडीच एकर कोरडवाहू रान, सोयाबीन आणि त्यात तूर. घरात आम्ही दोघं, मुलगी नववीला, मुलगा सहावीला. बचत गटाची सचिव आहे, म्हणून गल्लीतल्या बायका पासबुक घेऊन माझ्याच ओसरीवर येतात. 'आक्का, पैसे पडले का बघा.' त्यांना दहादा तोंडी सांगितलं ते इथं एकदा लिहून टाकते.

आधी कागदावरचा हिशेब. पीएम किसानचे वर्षाला ६,०००, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. त्याच्या जोडीला २०२३ पासून राज्याचे नमो शेतकरीचे तेवढेच ६,०००. लाडकी बहीणचे जुलै २०२४ पासून महिन्याला १,५००. चौथी रक्कम मराठवाड्याबाहेरच्या बहुतेकांना माहीतच नसते. आपले आठ जिल्हे आणि विदर्भातले काही, इथल्या केशरी कार्डावरच्या शेतकऱ्यांना जानेवारी २०२३ पासून रेशनच्या धान्याऐवजी रोख मिळते. आधी माणशी महिन्याला १५० होते, आता १७०, आणि तेही कुटुंबप्रमुख बाईच्या खात्यावर. आम्ही चौघं, म्हणजे महिन्याला ६८०. सगळं मिळून वर्षाला १२,००० अधिक १८,००० अधिक ८,१६०. झाले ३८,१६०.

हा आकडा वहीच्या मागच्या पानावर लिहून मालकांना, म्हणजे नवऱ्याला, दाखवला. ते म्हणाले, 'मग गेले कुठं?'

त्याचं उत्तर शोधायला मला वेळ लागला.

कोणत्या बँकेत पडतात ते आधी बघा

माझ्या चुलत जावेला लाडकी बहीणचा एकही हप्ता मिळाला नव्हता. अर्ज मंजूर, मेसेज आलेला, पण बँकेत जावं तर खातं रिकामं. ती नशिबाला बोल लावून गप्प बसली. नऊ हप्ते गेले. मग एक दिवस मी तिच्या आधारवरून तपासलं, तर पैसे भलत्याच बँकेत जमा होत होते. दोन वर्षांमागं मारुतीच्या पारावर एक पोरगा छत्री लावून फुकट सिमकार्ड वाटत बसला होता. त्यानं हिचा अंगठा घेतला आणि सिमबरोबर एक खातंही उघडून ठेवलं. हिला पत्ता नाही.

यात समजून घ्यायची गोष्ट एवढीच. सरकारचे पैसे खाते नंबरावर येतात असं आपल्याला वाटतं, पण यातले बरेचसे आधार नंबरावर येतात. एका आधारला एकाच वेळी एकच बँक जोडलेली असते, आणि जी शेवटी जोडली तीच धरली जाते. बँकेतला साहेब 'आधार लिंक आहे' म्हणाला तर तेवढ्यावर परत येऊ नका. केवायसीला, म्हणजे ओळख पटवायला, आधार लावणं वेगळं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारचे पैसे थेट खात्यावर यावेत म्हणून, आधार बँकेला जोडणं म्हणजे सीडिंग करणं वेगळं. तुम्ही दुसरं विचारायचं. कोणतं आधार कोणत्या बँकेला जोडलंय याची नोंद एनपीसीआयकडं असते, म्हणून शब्द पाठच करून जा: 'एनपीसीआयला माझं आधार कोणत्या बँकेचं दिसतंय?'

घरबसल्याही बघता येतं. माय आधारच्या साइटवर जाऊन आधार नंबर टाकायचा, मोबाइलवर ओटीपी येतो, आत 'बँक सीडिंग स्टेटस' दिसतं. तिथं बँकेचं नाव वाचायचं. ते तुमच्या पासबुकावरचं नसेल, तर ज्या बँकेत पैसे हवेत तिथं सीडिंगचा फॉर्म भरून द्यायचा, आधारची झेरॉक्स जोडायची आणि पोच घ्यायची. दोन-चार दिवसांनी परत साइटवर बघायचं. आधारला जुना, बंद पडलेला मोबाइल नंबर असेल तर ओटीपी येणार नाही, म्हणून ते काम पहिलं.

जावेचे १३,५०० त्या अनोळखी खात्यावर जसेच्या तसे होते. त्यातून तिनं सगळ्यात आधी गहाण पडलेलं डोरलं सोडवलं. बाकीच्याचं काय केलं ते मी विचारलं नाही.

पावती नाही तर अंगठा नाही

तालुक्याची बँक लांब, म्हणून गावातल्या मिनी बँकेत अंगठा लावून पैसे काढायची सवय सगळ्यांना लागली आहे. सोय चांगली आहे, एका वेळी १०,००० पर्यंत मिळतात. पण आमच्याकडं निम्म्या बायकांचे हात कोयत्यानं आणि खुरप्यानं घासलेले. मशीनवर ठसाच उमटत नाही. गल्लीतल्या एका म्हातारीला श्रावणबाळचे १,५०० मिळतात. तिला मिनी बँकेतल्या पोरानं तीनदा अंगठा लावायला लावला आणि 'नाही आलं मावशी, उद्या या' म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. मी तिचं पासबुक भरून आणलं तर पहिल्याच दिवशी १,५०० निघाल्याची नोंद. आम्ही चार बायका ते पासबुक घेऊन जाऊन उभ्या राहिलो, तेव्हा 'चुकून झालं' म्हणत त्यानं पैसे दिले. चुकून झालं असेलही.

तेव्हापासून गटात आम्ही ठरवून टाकलं. अंगठा लावला की कागद मागायचा, व्यवहार फेल झाला तरी फेलचाच कागद मागायचा. 'प्रिंटर बंद आहे' म्हणाला तर माघारी यायचं. अंगठ्याचा ठसा येत नसेल तर दुसरं बोट लावता येतं, दहापैकी कोणतंही चालतं. काम संपल्यावर, हात धुऊन, कोरडा करून जा. आणि आधार केंद्रावर एकदा बोटांचे ठसे नव्यानं देऊन या. दर दोन-तीन महिन्यांनी पासबुक भरायचं हे तर आहेच. आता एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे, तेवढ्यासाठी कळंबला जाऊन आलं तरी परवडतं. फक्त बाजाराच्या दिवशी बँकेत जाऊ नका.

अडकलेला हप्ता

अडकायची कारणं मी बघितली तेवढी सांगते. केवायसी राहिलेली, हे पहिलं. पीएम किसानची केवायसी ओटीपीनं होते, अंगठ्यानं होते, त्यांच्या ॲपवर चेहरा दाखवूनही होते. लाडकी बहीणच्या केवायसीला नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधारही लागतं, तेव्हा ऊसतोडीला जायच्या आधीच ते उरकून घ्या. कारखान्यावर गेल्यावर नवऱ्याच्या मोबाइलला रेंज नसते आणि ओटीपी इकडं वाया जातो.

दुसरं, नाव. सातबाऱ्यावर एक, आधारवर दुसरं, पासबुकावर तिसरंच. बायकांचं तर माहेरचं-सासरचं असा घोळ ठरलेला. एक कागद खरा धरा, आधारच धरा, आणि बाकीचे त्याच्यासारखे करून घ्या.

तिसरं, सासरे वारले आणि जमीन अजून त्यांच्याच नावावर. आमच्याकडं हे घरोघरी आहे. भावाभावांत बोलणं नको म्हणून फेरफार लांबवत राहतात आणि प्रत्येक जण वर्षाला १२,००० सोडतो. १ फेब्रुवारी २०१९ नंतर विकत घेतलेल्या जमिनीवर पीएम किसान मिळत नाही, पण वारसानं आलेल्या जमिनीवर मिळतं. तलाठ्याकडं वारसाची नोंद लावा, मग फार्मर आयडी, म्हणजे शेतकऱ्याचा ओळख नंबर, काढा, मग अर्ज करा. या क्रमानं केलं तर चकरा कमी होतात. नवरा, बायको आणि लहान लेकरं मिळून एक कुटुंब धरतात, म्हणून दोघांच्या नावावर रान असलं तरी हप्ता एकालाच. आणि ज्या बाईला स्वतःच्या नावावर किसानचे आणि नमोचे मिळतात, तिला लाडकी बहीणचे ५००च येतात. ते कमी आले म्हणून भांडायला जाऊ नका. पीएम किसानसाठी विचारायचं असेल तर १५५२६१ हा नंबर आहे. सकाळी लवकर लावला तर लागतो.

आल्यावर

आता मालकांच्या प्रश्नाचं खरं उत्तर. आमचे पैसे चोरीला गेले नव्हते की हरवलेही नव्हते. यायच्या आधीच त्यांना वाटा फुटलेल्या होत्या. हप्ता पडायचा त्या दिवशी दुकानदार, दवाखान्याची उसनवारी, कुणाच्या घरचं आहेर, असे तीन-चार जण दारात. संध्याकाळी हातात दोनशे.

तेव्हा मी एक रक्कम घरखर्चातून बाजूलाच काढली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये राखीपौर्णिमेच्या तोंडावर लाडकी बहीणचे दोन महिन्यांचे ३,००० एकदम आले. सप्टेंबरचे १,५०० आले. मग ऑक्टोबरमध्ये दिवाळीआधी दोन महिन्यांचे परत ३,०००. झाले ७,५००. वहीत उधारी होती ७,४००. या तीन महिन्यांत मी त्या खात्याला हात लावला नाही आणि नवीन उधारीही केली नाही. तेल संपलं तर दोन दिवस बिनतेलाचं खाल्लं. पोरं कुरकुरली. मालकही कुरकुरले, पण भाकरी आणि ठेचा खाऊन झोपले. उरलेल्या शंभराचा दिवाळीला बत्तासा आणला.

किराण्याची उधारी आधी मोडा असं मी सांगते त्याला कारण आहे. सावकाराचं व्याज दिसतं, शेकड्याला पाच म्हणजे पाच. दुकानाच्या वहीतलं व्याज डाळीच्या भावात लपलेलं असतं, ते कधी कळत नाही. रोखीनं घ्यायला लागल्यावर मी महिन्याचं सामान तालुक्यातून आणते आणि गावातल्या दुकानात फक्त सुटं लागतं ते.

दुसरी वाट पेरणीची. खत-बियाणं उधारीवर उचललं की डीएपीचं १,३५० चं पोतं वहीत जास्तीचं लागतं, हा एक तोटा. मोठा तोटा दसऱ्याला कळतो. ज्यानं खत दिलं त्यालाच सोयाबीन घालावं लागतं. २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ होता आणि आम्ही घातलं ४,०५० नं, वर ओल म्हणून पोत्यामागं किलो-दोन किलो कापलेलं. हमीभावाच्या केंद्रावर नंबर लावून थांबायला सवड लागते. ती उधारीवाल्याजवळ नसते.

म्हणून २०२५ ला आम्ही उलटं केलं. फेब्रुवारीचे किसानचे २,००० आणि त्याच्या मागून आलेले नमोचे २,००० मालकांच्या खात्यावरून काढलेच नाहीत. एटीएम कार्ड माझ्या पेटीत, कुलूप लावून. मालक म्हणाले, 'माझंच कार्ड आणि माझ्यापासूनच लपवती?' म्हटलं, तुमच्यापासून नाही, चौकापासून. मृगाला डीएपीची तीन पोती रोखीनं आणली, ४,०५०. बियाणं घरचं. सोयाबीनचं घरचं बी चालतं, फक्त आधी तपासायचं. शंभर दाणे मोजून ओल्या पोत्यात गुंडाळायचे, पोतं ओलं ठेवायचं, आठवडाभरानं मोजायचं. सत्तरच्या वर उगवले तर पेरा. आमचे ब्याऐंशी उगवले.

इथं एक इशारा. पुढचा हप्ता पेरणीआधी पडेल असं सगळे धरून चालले होते. तो पडला २ ऑगस्टला. तोवर सोयाबीन गुडघ्याला आलं होतं. हप्त्याच्या भरवशावर कुणाला शब्द देऊ नका. हातात आहे तेवढाच आपला.

आणि मग सप्टेंबरात मांजरा आली. रानात कमरेएवढं पाणी, चार दिवस. सोयाबीन जागेवर काळं पडलं, शेंगेतच मोड आले. त्या वर्षी आमच्या घरात पीक आलं नाही, पण दारात कुणी वसुलीलाही आलं नाही. शेजारच्या रानात उधारीवर पेरलं होतं, त्यांच्याकडं दुकानदाराची मोटारसायकल पाणी उतरायच्या आत आली. दोन्ही रानांतलं पाणी एकच होतं.

नुकसानीचे पैसेही खात्यावरच येतात, त्याचं थोडं वेगळं आहे. जिरायतीला हेक्टरी ८,५०० आणि त्या वर्षी रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी १०,००० जादाचे जाहीर झाले. अडीच एकर म्हणजे साधारण एक हेक्टर. पंचनाम्याच्या दिवशी स्वतः बांधावर उभं राहायचं, गट नंबर आणि क्षेत्र काय लिहितात ते डोळ्यानं बघायचं, फोटो काढून ठेवायचा. ज्यांचा फार्मर आयडी तयार होता त्यांना रांग कमी लागली. आमच्या ओळखीच्या एकाचे पैसे पडले आणि एका बँकेनं थकलेल्या पीककर्जापोटी होल्ड लावला. असं झालं तर तोंडी भांडू नका. मदतीची रक्कम कर्जात वळती करू नये असं या मदतीच्या आदेशात लिहिलेलं असतं. तलाठ्याकडून त्या आदेशाची प्रत घ्यायची, बँकेला लेखी अर्ज द्यायचा, त्याची एक प्रत तहसीलला आणि एक जिल्ह्याच्या अग्रणी बँकेला. त्याचा होल्ड अकरा दिवसांत उठला.

शेळी

उधारी फिटल्यावर बायकांना शेळी सुचते. मलाही सुचली. गटातून ९,००० उचलले, शेकडा दोननं. मुद्दल महिन्याला ९०० आणि पहिल्या महिन्याचं व्याज १८०, म्हणजे १,०८०, लाडकी बहीणच्या पैशात बसतं. बाजारातून काळी उस्मानाबादी आणली, गाभण आहे म्हणाला. विसाव्या दिवशी नाकातून शेंबूड, तोंडात फोड, हगवण. तिसऱ्या दिवशी गेली. हप्ते मात्र दहाही फेडले. मेलेल्या शेळीचा हप्ता भरायला गटात जाणं म्हणजे काय ते सांगून कळायचं नाही, आणि मीच सचिव.

डॉक्टरांनी सांगितलं, पीपीआर, शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग. लस सरकारी दवाखान्यात असते. तेव्हा बाजारातून घेऊ नका, ओळखीच्या घरातून घ्या, जिथं तिची माय बघता येते. आणल्यावर तीन-चार आठवडे दुसऱ्या जनावरांपासून लांब बांधा, लस टोचून घ्या, पावसाळ्याआधी आंत्रविषाराचीही. दुसरी शेळी मी माहेरच्या गावातून आणली. तिनं जुळं दिलं.

चावडीवर बसणारे म्हणतात, फुकटचे पैसे, बायका साड्या घेतात आणि गडी पितात. गटाच्या प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं की २०११-१२ ला मध्य प्रदेशात 'सेवा' नावाच्या बायकांच्या संस्थेनं युनिसेफच्या मदतीनं आठ गावांत असंच करून बघितलं, प्रत्येक मोठ्या माणसाला महिन्याला आधी २०० आणि मग ३००, लेकराला त्याच्या निम्मे, कसलीही अट नाही. तिथं खाणं सुधारलं, जनावरं वाढली, दारूवरचा खर्च काही वाढला नाही. आमच्या गावातही जो पीत होता तोच पितो. आणि साडी म्हणाल, तर मी एक घेतली. सोळा वर्षांत पहिल्यांदा स्वतः दुकानात जाऊन, रंग निवडून. ती मी हिशेबात लिहिली आहे, ६५० रुपये.

एक गोष्ट मात्र कुणी करू नका. १,५०० येतात हे कळल्यापासून आठवड्याची वसुली करणारे कर्जवाले गल्लीत वाढलेत. 'ताई, तुमचा हप्ता तर सरकारच भरतंय' असं म्हणतात. पासबुक, एटीएम कार्ड किंवा आधारची झेरॉक्स कुणाकडं ठेवायला द्यायची नाही. मोबाइलही हप्त्यावर घेऊ नका.

माझी पद्धत म्हणाल तर साधी आहे. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे. डाव्या बाजूला येणारा पैसा, उजव्या बाजूला त्याचं काम, आणि ते पैसे पडायच्या आधी लिहायचं. एका पैशासमोर एकच काम. दोघांनी बसून लिहायचं, नसता नंतर भांडण. रेशनच्या पैशासमोर मी काहीच मोठं लिहीत नाही, ते कधी चार-चार महिने येत नाहीत आणि मग एकदम येतात. त्याच्यासमोर 'दवाखाना' लिहिलंय आणि ते खात्यातच राहू देते.

पुढच्या लाडकी बहीणच्या हप्त्यासमोर सध्या मुलीचा चष्मा आहे. त्याच्याखाली मालकांनी पेन्सिलीनं 'फवाऱ्याचं नोझल' लिहून ठेवलंय. त्यावर अजून बोलणं व्हायचंय.